किलिमांजारो : बर्फाचा की जंगलाचा?

किलिमांजारो म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते बर्फाळ शिखर. टांझानियातला हा ज्वालामुखी ५८९५ मीटर उंच, आफ्रिकेत सर्वांत उंच. १९१२ ते २०११ या काळात त्याचा सुमारे ८५ टक्के बर्फ नाहीसा झाला. मग पायथ्याचं पाणीही आटणार?

याचं उत्तर शिखरावर नाही, मधल्या उतारावर आहे. साधारण १८०० ते ३००० मीटरच्या पट्ट्यात दाट जंगल आहे. पाऊस तिथे भरपूर, शिवाय झाडं धुक्यातलं पाणीही टिपतात. झरे मुख्यतः यावरच जगतात. बर्फाचा वाटा अगदी थोडा.

जंगलाखाली चागा लोकांची वस्ती. त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या उतारावर पाट खोदले. पंप नाही, नुसता उताराचा अचूक अंदाज! पाणी पाळीने घ्यायचं, दुरुस्तीला सगळ्यांनी यायचं. त्यावर मोठ्या झाडांच्या सावलीत केळी आणि केळीखाली कॉफी पिकते.

२०२० आणि २०२२ मध्ये पर्वतावर मोठे वणवे लागले. मला काळजी वाटते ती याची. बर्फ गेला तर शोभा जाईल. जंगल गेलं तर पाटच कोरडे पडतील. सिव्हिलवाल्यांनो, पाटाचं डिझाईन जंगलापासून सुरू होतं, बरं का!