92 पर्सेंटाइल म्हणजे 92 टक्के नव्हे

शीव कोळीवाड्यातून माटुंग्याचं व्हीजेटीआय तसं जवळच, बसमध्ये बसलं की आलंच. अभियांत्रिकी प्रवेशाच्या सीईटीच्या निकालात मात्र तेच अंतर अफाट वाढतं. 1887 साली सुरू झालेल्या या संस्थेत संगणक शाखा हवी असेल, तर 99 पर्सेंटाइलच्या पुढचे दशांशसुद्धा मोजावे लागतात. निकालपत्रावर पर्सेंटाइल सात दशांश स्थळांपर्यंत छापतात, ते हौसेखातर नव्हे.

तरी निकालाच्या दिवशी ‘92 पडले’ म्हटलं की शेजारी 200 पैकी 184 गुण धरून चालतात. प्रत्यक्षात गुण शंभरीच्या आसपासही असू शकतात! 92 पर्सेंटाइलचा अर्थ एवढाच, की त्या शिफ्टमधल्या दर 100 मुलांपैकी 92 जणांचे गुण या मुलाइतके किंवा त्याहून कमी आहेत. शिफ्टला 20,000 मुलं बसली असतील, तर 1,600 जण त्याच्या पुढे आहेत.

हिशेब शिफ्टपुरता ठेवायचं कारण सरळ आहे. परीक्षा अनेक दिवस, वेगवेगळ्या शिफ्टमध्ये चालते आणि प्रत्येक शिफ्टची प्रश्नपत्रिका वेगळी. अवघड पेपरातले 110 गुण सोप्या पेपरातल्या 125 गुणांना भारी पडू शकतात. प्रत्येक शिफ्टमधला पहिला 100 पर्सेंटाइलवर असतो, मग त्याचे काही गुण गेलेले का असेनात.

पालकांना खरा चकवा बसतो तो मधल्या गर्दीत. तिथे मुलं इतकी दाटीवाटीने असतात, की चार-पाच गुणांनी पर्सेंटाइल बरंच वर सरकतं. वरच्या टोकाला गर्दी विरळ. तिथे वीस गुण जास्त मिळवूनही आकडा जेमतेम हलतो. क्लासवाल्यांच्या जाहिराती वाचताना एवढं ध्यानात असलेलं बरं.

शीव रुग्णालयापासून गल्लीतल्या दवाखान्यापर्यंत बाळांची वजनं होतात, तिथेही पर्सेंटाइल आहेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या मानकांसाठी भारतासह सहा देशांतली मुलं मोजली होती. त्यानुसार वर्षाच्या मुलीचं मधलं, म्हणजे 50 व्या पर्सेंटाइलचं वजन 8.9 किलो, 15 व्याचं 7.9. आजी ‘पंधराच?’ म्हणून हबकते, पण इथे कोणी नापास होत नाही. मूल त्याच रेषेच्या आसपास वाढत असेल तर सहसा काळजीचं कारण नसतं. पन्नासावरून दहावर घसरलं, तर मात्र डॉक्टर कारण शोधतात. त्यासाठी त्यांना मागच्या नोंदी लागतात. तेव्हा वजनाचं कार्ड घरी विसरू नका.