चोविसांश मोटार

दिवाळींत अंगणांत मुलें मातीचा किल्ला रचतात, तेव्हां त्यावरचा पहारेकरी मावळा बहुधा महादरवाज्याहून उंच असतो, आणि पायथ्याशीं ठेवलेला वाघ एका झेपेंत बालेकिल्ला ओलांडील एवढा थोर असतो. त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाहीं, व करूंही नये. परंतु खेळणें आणि प्रतिकृति यांच्या वाटांना फांटा फुटतो तो नेमका येथें. मोटारीची प्रतिकृति घडविणाऱ्याला दरवाज्याची मूठ केसभर जाड झाली तरी चैन पडत नाहीं. हा छंद अमेरिका, इंग्लंड, जपान इत्यादि देशांत चांगलाच रुजलेला असून आपल्याकडेही त्याचे भोक्ते आढळतात. घरांतील वडील मंडळींस मात्र तो बहुधा पोरखेळ वाटतो. मुख्यतः त्यांच्यासाठींच आम्ही हे चार शब्द लिहीत आहों.

प्रथम मापाची गोष्ट. या छंदांतलें एक अत्यंत प्रचलित प्रमाण म्हणजे एकास चोवीस. एका फुटास अर्धा इंच धरला कीं हें प्रमाण आपोआप येतें. सव्वाचार मीटर लांबीची मोटार या हिशेबानें सुमारें १७.७ सेंटिमीटर भरते. म्हणजे तळहातावर तोलून धरतां येईल एवढी. अमेरिकेंत एकास पंचवीस हें प्रमाण अधिक चालतें. त्याहून लहान अशा एकास त्रेचाळीस या प्रमाणाचा उगम मौजेचा आहे. खेळातल्या आगगाडीसाठीं इंग्रजांनीं फुटास सात मिलिमीटर असें माप ठरविलें होतें. तेंच पुढें स्टेशनाबाहेर उभ्या करावयाच्या चिमुकल्या मोटारींच्या वांट्यास आलें.

आतां पोरखेळाच्या आक्षेपाकडे वळूं. अमेरिकेंतील जनरल मोटर्स या कंपनीच्या फिशर बॉडी नांवाच्या शाखेनें १९३० सालीं मुलांसाठीं एक स्पर्धा सुरू केली. शाखेचें बोधचिन्ह नेपोलियनच्या काळांतील राजशाही बग्गी हें होतें. त्या बग्गीची, एका फुटाहून थोडी कमी लांबीची, हुबेहूब प्रतिकृति मुलांनीं घरीं बसून घडवावयाची. नकाशे कंपनी देई. बाकी लांकडावरचें कोरीव काम, धातूचीं कड्याबिजागरीं, रंग, आंतलें कापडी अस्तर, हें सारें मुलांनीं स्वतःच्या हातांनीं करावयाचें. पहिल्या वर्षीं बक्षिसांत विश्वविद्यालयीन शिक्षणासाठीं प्रत्येकी पांच हजार डॉलरच्या चार शिष्यवृत्त्या होत्या. तो काळ मंदीचा होता. बापाची नोकरी सुटलेली आणि मुलाचें कॉलेज दुरापास्त झालेलें, अशीं घरें तेथें गल्लोगल्लीं होतीं. अशा घरांतला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा रात्रीं दिव्याजवळ बसून बग्गीच्या चाकाचे आरे तासत असेल, तर त्याला पोरखेळ कोण म्हणेल? त्या आऱ्यांवर त्याचें पुढचें शिक्षण अवलंबून होतें.

१९३७ पासून बग्गीच्या जोडीला मोटारीचीही स्पर्धा आली. येथें नक्कल करावयाची नव्हती; स्वतःच्या कल्पनेंतील मोटार एकास बारा या प्रमाणांत घडवावयाची होती. महायुद्धाच्या काळांत स्पर्धा थांबली. युद्धानंतर लवकरच बग्गी बंद होऊन केवळ मोटारीच उरल्या, आणि १९६८ सालीं हा सारा उपक्रम संपला. तोंवर लाखों मुलांनीं त्यांत नांवें नोंदविलीं होतीं. १९४७ सालच्या विजेत्यांत चार्ल्स जॉर्डन नांवाचा एक तरुण होता. तो पुढें त्याच कंपनींत शिरला, आणि १९८६ मध्यें तिच्या मोटारींच्या रूपरचनेचा सर्वाधिकारी उपाध्यक्ष झाला. या स्पर्धेचा एक दोष आम्हांस येथें सांगितलाच पाहिजे: ती केवळ मुलग्यांना खुली होती. रांगोळीचे ठिपके डोळ्यांच्या अंदाजानें समान अंतरावर टाकणाऱ्या आपल्या मुली आठवल्या, म्हणजे या नियमानें किती कुशल बोटें बाहेर राहिलीं असतील याची कल्पना येते.

पुढें प्लॅस्टिकचा जमाना आला. एएमटी या अमेरिकन कंपनीनें १९५८ पासून एकाच पेटींतून तीन तऱ्हांनीं जुळवितां येईल अशा मोटारींचे संच विकावयास काढले, आणि लांकूड तासण्याचे कष्ट वांचले. जपानांतील शिझुओका येथें १९४६ सालीं लांकडाची वखार म्हणून सुरू झालेल्या तामिया या पेढीनें तर अचूकपणाची कमालच केली. पोर्शे मोटारीचा संच काढण्यासाठीं या लोकांनीं खरीखुरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि आंतली रचना समजावी म्हणून ती खिळाखिळा वेगळी केली! त्या अभ्यासांतून निघालेला एकास बारा प्रमाणाचा संच १९७६ सालीं बाजारांत आला.

परंतु संच कितीही अचूक असला तरी तो नुसता चिकटविला कीं मोटार होत नाहीं. होतें तें खेळणें. याचें कारण असें कीं, लांबीरुंदीला चोविसानें भागतां येतें, पण सर्वच गोष्टींना भागाकार लागू पडत नाहीं. खऱ्या मोटारीवरील रंगाचा थर मिलिमीटरच्या सुमारें दहाव्या भागाइतका असतो. तेवढाच थर प्रतिकृतीवर बसला तर तो खऱ्या मोटारीवर २.४ मिलिमीटर जाडीचा लेप थापल्यासारखा होतो, म्हणजे पोळी थापल्यासारखाच म्हणा ना. दारांच्या फटी त्याखालीं बुजतात, कडा गोल होतात. चमकदार रंगांतील धातूची चुरी मूळ मोटारीवर डोळ्यांस जाणवतही नाहीं; तीच चुरी प्रतिकृतीवर राजगिऱ्याचे दाणे पसरल्यासारखी दिसते. इंजिनांतील ठिणगीच्या तारा प्रत्यक्षांत सात-आठ मिलिमीटर जाड असतात. त्यांच्या जागीं एक तृतीयांश मिलिमीटरची तार हवी. तेथें शिवणाचा जाडा दोरा ओंवला तर इंजिनांत दोरखंड पडल्यासारखे वाटतात.

म्हणून जाणता कारागीर रंगाआधींच अर्धें काम करून ठेवतो. सुटे भाग सांच्यांतून निघतांना त्यांवर तेलकटपणा राहण्याचा संभव असतो, तो साबणाच्या पाण्यानें धुवावा. सांच्याच्या दोन अर्धांचा जोड जेथें येतो तेथें एक बारीक उंच रेघ उमटते. ती पात्यानें खरवडून पाण्यांतल्या सँडपेपरनें नाहींशी करावी. खऱ्या मोटारीवर अशी रेघ नसते, आणि छपरावर ती तशीच राहिलेली दिसली कीं पाहणाऱ्याच्या मनांतला सारा भ्रम तेथेंच संपतो. दारांच्या व बॉनेटच्या फटी सुईनें किंचित् खोल कराव्या, म्हणजे रंगानें त्या भरून येणार नाहींत. मग अस्तराचा रंग, आणि त्यावर मूळ रंगाचे विरळ, धुक्यासारखे थर. एका थरांत रंग पुरता झांकला जावा हा मोह टाळावा. लॅकर जातीचा रंग दमट हवेंत पांढुरका पडतो. कोंकणांत किंवा मुंबईस आषाढ-श्रावणांत हें काम हातीं घेऊं नये हें उत्तम. त्याच्या पातळ द्रव्याचा वासही घातक असतो. खिडकी उघडी ठेवावी, तोंडाला योग्य मुखवटा लावावा, आणि जेथें तान्हें मूल निजलें असेल त्या खोलींत तर हा उद्योग मुळींच करूं नये.

कांचा बसवितांना एक सावधगिरी हवी. झटपट चिकटणाऱ्या डिंकाच्या वाफेनें पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढरें सारवण येतें आणि सहसा पुसलें जात नाहीं. तेथें साधा पांढरा डिंक बरा. तो वाळल्यावर दिसेनासा होतो. बंपर व कांचेभोंवतालच्या चकचकीत पट्ट्या चंदेरी रंगानें काढल्या तर त्या ॲल्युमिनियमच्या भांड्यासारख्या मंद दिसतात. त्यासाठीं पाठीमागें चिकट असलेला अतिशय पातळ धातूचा वर्ख मिळतो, तो दाबून बसवून नव्या पात्यानें कडेनें कापावा. पातें नवेंच हवें.

तपशील भरण्याच्या नादांत एक दोष हटकून शिरतो. ज्याला तार ओंवतां येऊं लागली तो दहा तारा ओंवतो; ज्याला गंज रंगवितां येऊं लागला तो नव्या मोटारीलाही गंज चढवितो. आम्हांस हें रुचत नाहीं. दररोज वापरांत असलेल्या मोटारीची धूळ कोठें बसते तें आधीं रस्त्यावर जाऊन पाहावें. ती चाकांच्या मागें आणि मागल्या बंपरच्या खालीं अधिक असते. छपरावर वेगळी, दारांच्या मुठीभोंवतीं तर हात लागून पुसलेली. पितळी जाळ्या, मखमली गालिचे, कापडी पट्टे हें सारें विकत मिळतें, आणि त्याची किंमत कधीं कधीं मूळ संचाहून अधिक भरते. त्याच्या आधीं आठ आणे खर्चून एक वही आणावी असें आम्ही म्हटलें असतें, पण आठ आण्यांत वही मिळण्याचे दिवस गेले. असो, मिळेल त्या किंमतींत आणावी, आणि दारांत उभ्या असलेल्या मोटारीचें एकेक अंग तींत मापासह काढावें.

चाकें सर्वांत शेवटीं. सांच्यांतून आलेल्या रबरी टायरांवर तकाकी असते, ती रस्त्यावरच्या टायरांवर नसते. जमिनीस टेकणारा भाग बारीक सँडपेपरवर दोनचारदां फिरविला कीं ती जाते, आणि मधला शिवणीसारखा उंचवटाही निघतो. मग गाडी सपाट कांचेवर ठेवून डोळा कांचेच्या पातळींत आणावा आणि चारही चाकांखालून एक पातळ कागद सरकवून पाहावा. बहुतेक वेळां तो एका चाकाखालून सुळकन् निघून येतो. आंस तेथें किंचित् वांकडा बसलेला असतो. चिकटविलेला जोड अजून ओला असला तर बोटानें दाबून सरळ होतो. वाळला असला तर सोडवून पुन्हां बसवावा लागतो, आणि त्याला एक संध्याकाळ जाते.