लिटर, किलोमीटर आणि मद्यार्क

पेट्रोल लिटरवर विकले जाते. परंतु ते विकत घेणाऱ्याला हवे असतात ते किलोमीटर. लिटरमध्ये एकच पदार्थ होता तोवर हा भेद ध्यानात ठेवण्याचे कारण नव्हते. आता त्या लिटरात मद्यार्क, म्हणजे इथेनॉल, मिसळले जाते आणि म्हणून लिटरचा भाव व किलोमीटरचा भाव या दोन निराळ्या गोष्टी झाल्या आहेत. हा भेद ज्यांनी नीट ओळखला आहे अशांत अमेरिकेतील पिकअप ट्रकच्या मालकांची गणना करावी लागेल. त्यांचा हिशेब समजून घेतला तर आपल्या पंपावर चालू असलेल्या वादाचाही उलगडा होतो.

आयोवा, इलिनॉय, नेब्रास्का ही अमेरिकेची मक्याची राज्ये. मागे उघडा हौदा असलेला पिकअप ट्रक हे तेथल्या शेतकऱ्याचे, सुताराचे, गवंड्याचे रोजचे वाहन. या भागातील अनेक पंपांवर नेहमीच्या पेट्रोलशेजारी 'ई-८५' नावाचे इंधन स्वतंत्र नळीतून आणि स्वतंत्र भावाने मिळते. नावात ८५ असले तरी त्यातील मद्यार्काचे प्रमाण ऋतूनुसार व प्रदेशानुसार ५१ ते ८३ टक्के असते. थंडीत मद्यार्काची वाफ सहज होत नाही, इंजिन सुरू होण्यास त्रास पडतो. म्हणून हिवाळ्यात प्रमाण कमी ठेवतात. फोर्ड एफ-१५०, शेवरोले सिल्व्हरॅडो यांसारख्या ट्रकांची काही मॉडेले कारखान्यातूनच दोन्ही इंधनांवर चालतील अशी निघाली. ज्यांचे ट्रक तसे नाहीत त्यांतील हौशी मालक ते तसे करून घेतात.

इंजिनाची समजूत घालणे

हे करून घेणे म्हणजे काय? एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. शुद्ध मद्यार्काला ९ किलो पुरते. तेव्हा तेवढ्याच हवेत अधिक इंधन सोडावे लागते. जुन्या गाडीत हे काम कार्ब्युरेटरचा जेट बदलून मिस्त्री करीत असे. आजच्या गाडीत इंधन किती सोडायचे आणि ठिणगी केव्हा पाडायची याचे कोष्टक एका लहान संगणकात साठवलेले असते. जाणकार तंत्रज्ञ हे कोष्टक त्या विशिष्ट गाडीपुरते नव्याने लिहितो. गरजेप्रमाणे इंधन फवारणारे इंजेक्टर व पंप मोठे बसवले जातात, नळीतील मद्यार्काचे प्रमाण मोजणारा संवेदक जोडला जातो, आणि मद्यार्काने खराब होणारे रबरी भाग बदलले जातात.

या खटाटोपाचा मोबदलाही आहे. मद्यार्काचा ऑक्टेन अंक उंच असतो आणि वाफ होताना तो पुष्कळ उष्णता शोषतो. त्यामुळे इंजिन ठोके न देता ठिणगी लवकर पाडता येते आणि ओढण्याची ताकद वाढते. अवजड ट्रेलर ओढणाऱ्याला ही ताकद मोलाची वाटते. अर्थात अशी फेरफार केलेली गाडी धुराचे नियम पाळते असे सिद्ध केल्याशिवाय ती रस्त्यावर आणणे तेथील स्वच्छ हवा कायद्यात बसत नाही. स्वातंत्र्य आहे, पण शेजाऱ्याच्या फुफ्फुसांच्या हद्दीपर्यंतच.

आता जमाखर्चाची दुसरी बाजू. एक लिटर मद्यार्कात एक लिटर पेट्रोलच्या जेमतेम दोनतृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे ई-८५ वर गाडीचे ॲव्हरेज १५ ते २७ टक्क्यांनी घटते, असे अमेरिकन सरकारच स्वतःच्या माहितीपत्रकात नागरिकांना सांगते. शंभर मैलांना दहा लिटर पेट्रोल लागत असेल, तर पंचवीस टक्के घट धरता ई-८५ सव्वातेरा लिटर लागेल. याचा अर्थ, हे इंधन पाव हिश्शाने स्वस्त असेल तरच काटा बरोबरीत येतो. ताकद हवी असणारा त्याहून थोडे अधिक देण्यास तयार होईल, काटकसर हवी असणारा होणार नाही. दोघेही शहाणेच. दोन नळ्या आणि दोन भाव समोर असल्याने निर्णय ज्याचा त्याला घेता येतो.

मात्र अमेरिकेचे चित्र फार रम्य रंगवण्याचे कारण नाही. तेथील बहुतेक सर्व साध्या पेट्रोलमध्ये १० टक्के मद्यार्क असतोच, आणि त्यामागे २००५ व २००७ च्या कायद्यांची सक्ती आहे. २०११ च्या अखेरपर्यंत मिश्रण करणाऱ्यांना मद्यार्काच्या दर गॅलनमागे ४५ सेंटची करसवलतही मिळत होती. देशातील मक्याचा एक-तृतीयांशाहून अधिक भाग आज आसवन्यांत जातो. मक्याच्या राज्यांची मते या धोरणामागे उभी आहेत, हे उघड गुपित आहे. तरीही, साध्या मिश्रणापलीकडचे पाऊल उचलताना अमेरिकेने ग्राहकाला विचारले, नळीवर ठळक पट्टी लावली आणि भाव वेगळा ठेवला.

ब्राझीलने हाच धडा कष्टाने शिकला. १९७३ च्या तेलसंकटानंतर १९७५ मध्ये त्या देशाने उसाच्या मद्यार्काचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. केवळ मद्यार्कावर चालणाऱ्या गाड्या लाखोंनी रस्त्यावर आल्या. पुढे १९८९ च्या सुमारास मद्यार्काचा तुटवडा पडला आणि या गाड्यांचे मालक अडकले. लोकांचा विश्वास परतला तो २००३ नंतर, दोन्ही इंधने चालणाऱ्या गाड्या आल्यावर. मद्यार्काचा भाव पेट्रोलच्या ७० टक्क्यांखाली असेल तरच तो भरावा, हा हिशेब तेथील सामान्य वाहनचालकाच्या तोंडी असतो.

आपल्या पंपावर

आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्याचा कायदा १९४८ सालीच झाला होता. आजचा कार्यक्रम २००३ मध्ये पाच टक्क्यांनी सुरू झाला, २०२२ मध्ये दहा टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर पोचला. परकीय चलन वाचावे, साखर कारखान्यांकडे पैसा यावा आणि शेतकऱ्याच्या उसाची बिले थकू नयेत, हे हेतू कोणीही नाकारू नयेत. प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा करताना विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या डोळ्यांपुढेही उसाला न्याय्य मोल मिळावे हाच विचार होता.

प्रश्न आहे तो किंमत कोणी व कशी मोजायची याचा. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानेच सांगितले होते की, मुळात शुद्ध पेट्रोलसाठी आखलेल्या आणि दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या मोटारींचे ॲव्हरेज वीस टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्क्यांनी, तर दुचाकींचे ३ ते ४ टक्क्यांनी घटेल. त्याच अहवालात, या घटीची भरपाई म्हणून मिश्र इंधनावर करसवलत द्यावी अशी सूचनाही होती. वीस टक्के मिश्रण आले. सवलत मात्र ग्राहकाच्या पावतीवर उमटली नाही. मद्यार्क आता पेट्रोलपेक्षा महाग पडतो, असे सरकारचे २०२५ मधील उत्तर होते. ते खरे मानले तरी त्यातून निघतो तो एवढाच निष्कर्ष की या धोरणाला खर्च आहे. तो नाहीसा झाला असे त्यातून सिद्ध होत नाही.

रोज वीस किलोमीटर जुन्या स्कूटरने शाळेत जाणाऱ्या शिक्षकाचे उदाहरण घ्या. महिन्याला सहाशे किलोमीटर, लिटरला पन्नास. बारा लिटर लागत होते, ते चार टक्के घटीने साडेबारा लागतील. अर्धा लिटर म्हणजे महिना पन्नास रुपये. रक्कम लहान आहे, यात वाद नाही. परंतु ती कोट्यवधी दुचाकींना गुणली की तो कर होतो; आणि हा कर कोणत्याही अर्थसंकल्पात मांडलेला नाही, कोणत्याही सभागृहात त्यावर मतदान झालेले नाही. अमेरिकन ट्रकमालक संगणकातील कोष्टक बदलून, नको असल्यास दुसरी नळी उचलून, आपला तोटा टाळू शकतो. आपल्या शिक्षकाला ना कोष्टक बदलता येते, ना दुसरी नळी सापडते.

महाराष्ट्राला आणखी एक हिशेब चुकवता येणार नाही. उसापासूनच्या एक लिटर मद्यार्कामागे किमान २,८६० लिटर पाणी खर्ची पडते, असे तोच अहवाल सांगतो. २०२३ मध्ये पावसाने दगा दिला तेव्हा डिसेंबरात उसाच्या रसापासून मद्यार्क करण्यावर केंद्राला बंदी घालावी लागली आणि ती नंतर सैल करावी लागली. त्यानंतर मद्यार्काचा मोठा वाटा मका व तांदूळ यांच्याकडे गेला. म्हणजे मराठवाड्याच्या विहिरीत पाणी नसेल तर टाकी धान्याने भरायची. ही अदलाबदल जाणीवपूर्वक, आकडे समोर ठेवून झाली पाहिजे.

करण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते अशक्यही नाही. प्रत्येक नळीवर मिश्रणाचे प्रमाण व अपेक्षित घट स्पष्ट छापावी. जुन्या गाड्यांसाठी कमी मिश्रणाची एक नळी, निदान काही वर्षे, तालुक्याच्या गावीही ठेवावी. आणि ऊर्जा जितकी कमी, तितका कर कमी, हे सूत्र स्वीकारावे. तसे केल्याने तिजोरीवर भार पडेल, हे मान्य. पण तो भार दिसेल, मोजता येईल आणि त्यावर चर्चा होईल. देशहितासाठी चार पैसे अधिक द्यायला या देशातला सामान्य माणूस कधी मागे हटलेला नाही. मात्र ते पैसे त्याच्याकडून मागून घ्यावेत. मापात कमी घालून नव्हे.