उभी भट्टी, इलेक्ट्रॉनीय घटकांची

मुद्रित मंडलांचे फलक, मृत्तिकेच्या पातळ पट्ट्या, सिलिकॉनच्या चकत्या यांसारखे चपटे इलेक्ट्रॉनीय घटक एकावर एक थरांनी ठेवून ठराविक तापमानास ठराविक वेळ तापविण्याचे बंदिस्त साधन. घटकांची मांडणी वा त्यांचा भट्टीतील प्रवास आडव्या दिशेऐवजी उभ्या दिशेने होत असल्यामुळे अशी भट्टी कारखान्यात फार थोडी जागा व्यापते. तिचे साधे रूप म्हणजे खणाखणांची कपाटवजा भट्टी. तीत माल एकदम भरतात व काम झाल्यावर एकदम बाहेर काढतात. अखंड चालणाऱ्या भट्टीत मात्र एका बाजूने फलक सतत आत जात असतात व दुसऱ्या बाजूने बाहेर पडत असतात.

चपटे घटक निरनिराळ्या कारणांसाठी तापवावे लागतात. फलकावरील हिरवे संरक्षक लेपन आणि घटक चिकटविण्यासाठी वापरलेले एपॉक्सी रेझीन पक्व होऊन कठीण व्हावे म्हणून ते सामान्यतः १००° ते १५०° से. तापमानास काही मिनिटांपासून तासाभरापर्यंत ठेवतात. सोल्डर या नावाने परिचित असलेला डाख वितळवून घटक जोडावयाचे असल्यास अधिक तापमान लागते. कथिल ६३% व शिसे ३७% असलेला डाख १८३° से. ला वितळतो. यूरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून शिशाच्या वापरावर निर्बंध घातल्यानंतर कथिल, चांदी व तांबे यांचा, सुमारे २१७° से. ला वितळू लागणारा डाख प्रचारात आला. मृत्तिकेच्या पट्टीवर जाळीतून छापलेले जाड पटलाचे संवाहक व रोधक सुमारे ८५०° से. ला भाजतात. सिलिकॉनच्या चकतीवर ऑक्साइडाचा थर वाढविण्यास ९००° ते १,१००° से. तापमान लागते. यांखेरीज केवळ शोषलेला ओलावा घालविण्यासाठीही घटक तापवावे लागतात. हे काम गौण वाटत असले, तरी कोकणासारख्या प्रदेशात ते इतर कामांइतकेच निर्णायक ठरते.

आडव्या भट्टीत फलक वाहक पट्ट्यावरून एकामागून एक जातात. पट्ट्याचा वेग आणि फलकाने भट्टीत काढावयाचा काळ यांच्या गुणाकाराइतकी भट्टीची लांबी असावी लागते. डाख वितळविण्याचे काम चार-पाच मिनिटांत उरकत असल्याने तीन ते पाच मीटर लांबीची भट्टी पुरते. परंतु रेझीन पक्व करण्याचे काम सावकाश होणारे असल्याने तेथे हा हिशेब परवडत नाही. समजा, दर ३० सेकंदांस एक फलक तयार व्हावयाचा आहे व प्रत्येक फलक ५० मिनिटे तापावयाचा आहे. मग भट्टीत एका वेळी १०० फलक असले पाहिजेत. ३० सेंमी. लांबीचे फलक ५ सेंमी. अंतर राखून पट्ट्यावर ठेवल्यास भट्टी ३५ मी. लांब होईल. तेच फलक २५ मिमी. अंतराने एकावर एक, प्रत्येकी ५० फलकांच्या दोन रांगांत रचले, तर प्रत्येक रांगेची उंची केवळ १.२५ मी. भरते आणि भिंती, पंखे व यंत्रणा धरूनही भट्टी एका मोठ्या कपाटाच्या जागेत मावते. उभ्या भट्टीचे सर्व महत्त्व या साध्या अंकगणितात आहे. काम जितके सावकाश होणारे, तितका तिचा लाभ अधिक.

रचना : दोन रांगांच्या भट्टीत फलक तळाशी आत येतो. दोन्ही बाजूंच्या साखळ्यांवरील अथवा दंडांवरील लहान खाचा त्याला केवळ कडांवर उचलून धरतात आणि दर फेरीस एक पायरी वर नेतात. माथ्यावर पोहोचलेला फलक एक ढकलदांडा शेजारच्या रांगेत सरकवितो व तेथून तो पायरीपायरीने खाली उतरून तळाशीच बाहेर पडतो. भट्टीचे कवच दुहेरी पत्र्याचे असून मधल्या पोकळीत खनिज लोकर भरलेली असते. आतील भाग अगंज पोलादाचे करतात. तापमान तपयुग्मांनी मोजून निरनिराळ्या उंचीवरील तापकांचे नियंत्रण स्वतंत्रपणे करतात.

प्रवेश व निर्गम दोन्ही तळाशी ठेवण्यामागे केवळ सोय नाही. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते. वरच्या बाजूस उघडे तोंड ठेवल्यास भट्टी धुराड्याप्रमाणे वागू लागते. गरम हवा वरून निसटते व तळातून थंड हवा आत ओढली जाते. तोंडे खालीच असली, तर पालथ्या घातलेल्या घंगाळाप्रमाणे गरम हवा आत अडून राहते. पावसाळ्यात कोकणातील घरांतून जिन्नस चुलीवरच्या माळ्यावर कोरडे राखण्याची जी रीत आहे, तिच्यातही उंचीचा व वर जाणाऱ्या ऊबेचा असाच उपयोग केलेला आढळतो. याच्या नेमके उलट उदाहरण बाष्पभट्टीचे आहे. तीत हवेहून जड अशा द्रवाच्या बाष्पात फलक तापवितात. ते बाष्प टाकीच्या तळाशी साचून राहत असल्याने टाकीचे तोंड वर ठेवतात व फलक वरून खाली सोडतात.

जागेची बचत हा या भट्टीचा मुख्य गुण म्हणून सांगितला जातो; तथापि तिची खरी कसोटी तापमानाच्या सारखेपणात लागते. एकमेकांपासून २५ मिमी. अंतरावर असलेले फलक पडद्यांसारखे काम करून हवेचे नैसर्गिक अभिसरण अडवितात. वरच्या व खालच्या फलकांच्या आड असल्यामुळे मधल्या फलकापर्यंत अवरक्त प्रारणही सरळ पोहोचू शकत नाही. म्हणून पंख्याच्या साहाय्याने गरम हवा एका बाजूच्या सच्छिद्र पत्र्यातून आडवी सोडून फलकांच्या मधून दुसऱ्या बाजूस खेचून घेतात व गाळून पुन्हा वापरतात. छिद्रांचा आकार आणि वाटणी बिघडली, तर एकाच फलकाच्या दोन कडांच्या तापमानांत फरक पडतो. एका कडेचे रेझीन पक्व आणि दुसऱ्या कडेचे अर्धकच्चे राहते. अशा फलकाच्या दिसण्यात सहसा काहीच दोष आढळत नाही. तो कारखान्यातील चाचणीत उत्तीर्ण होतो व पुढे वापरात निकामी होतो.

यांत्रिक अडचणीही आहेत. दोन मीटर उंचीचा पोलादी दंड खोलीच्या तापमानापासून १५०° से. पर्यंत तापविला असता सुमारे ३ मिमी. वाढतो. खाच व ढकलदांडा यांची जुळणी थंड अवस्थेत करून चालत नाही. काचतंतू व एपॉक्सी यांचा फलक आपल्या काचसंक्रमण तापमानावर, म्हणजे प्रकारानुसार सुमारे १३०° ते १८०° से. वर, मऊ पडतो व केवळ कडांवर टेकलेला असल्याने मध्ये झोळतो. झोळलेला एक फलक खाचेतून सुटल्यास खालच्या सर्व फलकांवर कोसळतो. आडव्या पट्ट्यावर अडकलेला फलक चटकन हाती लागतो. उभ्या भट्टीत मात्र ती थंड करून उघडावी लागते आणि तोवर आतील शंभर फलकांचा काळ चुकलेला असतो. डाख वितळविण्यासाठी आडवी भट्टीच अधिक पसंत केली जाते, त्याचेही कारण असेच आहे : द्रवरूप डाखावर तरंगणारे लहान घटक पायरीपायरीच्या हिसक्यांनी जागचे हलण्याचा संभव असतो.

सिलिकॉनच्या चकत्यांच्या बाबतीत उभ्या मांडणीने दुसरेही हित साधले. पूर्वी चकत्या क्वॉर्ट्झच्या आडव्या नळीत उभ्या करून सारीत असत. १९८० नंतरच्या दशकात चकत्यांचा व्यास वाढत गेला, तशी उभ्या नळीची भट्टी रूढ झाली. तीत शंभर किंवा अधिक चकत्या क्वॉर्ट्झच्या घडवंचीवर आडव्या, एकावर एक ठेवून खालून वर चढवितात. घडवंची फिरती ठेवता येत असल्याने तापमान व वायू सर्व बाजूंना सारखे लागतात आणि भरताना बाहेरची हवाही कमी शिरते. धूलिविरहित दालनाची जमीन अत्यंत महाग पडत असल्याने जागेची बचत येथे विशेष मोलाची ठरते.

महाराष्ट्रात हा प्रश्न मुंबईत ठळकपणे दिसतो. तेथे १९७३ मध्ये अंधेरी (पूर्व) येथे सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात प्रक्रिया क्षेत्र (सीप्झ) स्थापन झाले. आरंभी ते केवळ इलेक्ट्रॉनीय उद्योगांसाठी होते. जडजवाहिरांच्या उद्योगांना तेथे नंतर प्रवेश मिळाला. बहुमजली इमारतींतील गाळ्यांमध्ये ३५ मी. लांबीची भट्टी बसविणे व्यवहार्य नसते, परंतु उभ्या भट्टीसही तेथे मर्यादा आहेत. हलक्या यंत्रांच्या उद्योगासाठी मजल्यावरील भार दर चौ. मी.स सुमारे ५०० किग्रॅ. धरतात. दीड टन वजनाची भट्टी दीड चौ. मी. वर उभी केल्यास भार याच्या दुप्पट होतो. वाचविलेल्या जागेची किंमत अशा रीतीने मजल्याला द्यावी लागते. पुण्यात १९९० मध्ये स्थापन झालेल्या इलेक्ट्रॉनिक्स पदार्थ तंत्रज्ञान केंद्रात (सी-मेट) जाड पटलाचे लेप व कमी तापमानास एकत्र भाजावयाची बहुथरी मृत्तिका यांवर संशोधन झाले आहे. या कामात उष्णतेचा क्रम काटेकोर पाळणे हेच प्रमुख कौशल्य असते.

ओलावा व किनारपट्टी : संकलित मंडलाचे प्लॅस्टिक आवरण हवेतील ओलावा शोषून घेते. डाखकामाच्या वेळी त्याचे वाफेत रूपांतर होऊन आवरण आतून सुटते वा लाहीसारखे फुटते. पाण्याच्या संपृक्त बाष्पाचा दाब २२०° से. ला वातावरणीय दाबाच्या सुमारे २३ पट, तर २४५° से. ला सुमारे ३६ पट असतो. बिनशिशाच्या डाखामुळे भट्टीचे तापमान वाढले व हा धोकाही वाढला. ओलाव्याच्या दृष्टीने तिसऱ्या वर्गात मोडणारे घटक मोहोरबंद पिशवीतून काढल्यावर १६८ तासांत जोडावेत, असा दंडक आहे; परंतु तो ३०° से. तापमान व ६०% सापेक्ष आर्द्रता गृहीत धरून घातलेला आहे. कोकणात पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता ८०% च्याही वर राहते. त्यामुळे दालन वातानुकूलित नसल्यास ही मुदत तेथे जशीच्या तशी लागू करणे चुकीचे ठरते. मुदत उलटलेले घटक १२५° से. ला अनेक तास, जाडीनुसार प्रसंगी एक-दोन दिवसही, तापवून कोरडे करतात. इतक्या दीर्घ कामास अखंड चालणाऱ्या भट्टीपेक्षा खणांची भट्टीच सोयीची पडते. गुंडाळीतील प्लॅस्टिक फितीत बसविलेले घटक मात्र १२५° से. ला तापविता येत नाहीत. त्यांना सुमारे ४०° से. ला, अतिशय कोरड्या हवेत, कित्येक दिवस ठेवावे लागते.

समुद्रकाठी केवळ ओलावा काढून भागत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात, उत्तरेस वाशिष्ठी व दक्षिणेस शास्त्री या नद्यांच्या खाड्यांमध्ये वसलेल्या गुहागर तालुक्यात वर्षाला ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो व समुद्रावरील वारा मिठाचे सूक्ष्म कण वाहून आणतो. मीठ सुमारे ७५% सापेक्ष आर्द्रतेवर हवेतील पाणी शोषून विरघळू लागते. फलकावर मिठाचा थर असेल, तर भट्टीतून कोरडा होऊन बाहेर आलेला फलक पावसाळी हवेत लवकरच पुन्हा ओला होतो व वीजप्रवाह सुरू असताना तांब्याच्या रेषांमध्ये गळती व संक्षारण सुरू होते. भट्टी पाणी घालविते, मीठ घालवीत नाही. म्हणून असे फलक प्रथम आयनविरहित पाण्याने धुऊन मगच वाळविणे आवश्यक असते.

याच तालुक्यात अंजनवेल येथे दाभोळ खाडीच्या मुखाशी उभारलेल्या वीजकेंद्राचा ७४० मेगॅवॉटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला व २००१ मध्ये बंद पडला. २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन झाली आणि २००६ मध्ये वीजनिर्मिती पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात पाच पावसाळे गेले. यंत्रे चालू असताना नियंत्रण कपाटांतील फलक स्वतःच्याच उष्णतेने व वातानुकूलनामुळे कोरडे राहतात. ती बंद पडली, की हे संरक्षण नाहीसे होते. अशा दीर्घकाळ थंड राहिलेल्या कपाटांतील फलक प्रथम तपासून, धुऊन, ६०° ते ८०° से. सारख्या बेताच्या तापमानास वाळवितात व निरोधन मोजल्यानंतरच त्यांना वीज जोडतात. १२५° से. तापमान येथे चालत नाही, कारण फलकावरील विद्युत् विच्छेद्य धारित्रे, विद्युत् घट व प्लॅस्टिकची खोबणी त्या तापमानास बिघडतात.