हाक मारायची, पण कशी?

मित्रांनो, ठाण्याच्या तलावपाळीवर होडीत बसला आहात ना? तिथे कुणी ‘वाचवा!’ म्हणून ओरडलं, तर काठावरची माणसं लगेच धावतील. पण काठ साडेतीन हजार किलोमीटर दूर असला तर?

अशी वेळ खरोखरच आली होती, बरं का! सप्टेंबर २०१८ मधली गोष्ट. भारतीय नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत एकटेच निघाले होते. त्यांची ‘थुरिया’ ही शिडाची नौका आपल्या शेजारच्या गोव्यात बांधलेली. ऑस्ट्रेलियातल्या पर्थपासून खूप दूर, भर समुद्रात, वादळाने ती उलटीपालटी केली. डोलकाठी मोडली. अभिलाष यांच्या पाठीला इतका जबर मार बसला, की उठताही येईना. त्यातच सॅटेलाइट फोन बिघडला. दुसरा फोन होता, पण तो संकटकाळच्या पिशवीत, आणि तिथवर हात पोचत नव्हता!

मग निभावलं कशावर? छोटे संदेश पाठवणारं एक यंत्र सुरू होतं, शिवाय संकटाची खूण देणारा बीकनही. असा बीकन ४०६ मेगाहर्ट्झवर संदेश सोडतो. उपग्रह तो टिपतात आणि बचावकेंद्राला कळतं, की कुणीतरी संकटात आहे. नौदलाच्या विमानाने ‘थुरिया’ हुडकली आणि २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने अभिलाष यांची सुटका केली. पुढे २०२३ मध्ये हीच शर्यत त्यांनी दुसऱ्या क्रमांकाने पूर्ण केली!

पण बीकन म्हणजे काही जादूची कांडी नव्हे. त्याच्या बॅटरीची मुदत संपते. त्याची नोंदणी केलेली नसेल, तर नौका कुणाची हे शोधण्यात वेळ जातो. आणि गंमत म्हणून बटण दाबलं, तर खऱ्या संकटातल्या माणसाची मदत भलतीकडेच वळते. म्हणून हाक मारायची साधनं एकापेक्षा जास्त हवीत, चालू हवीत आणि हाताशी हवीत.

आपल्या तलावात किंवा खाडीत बीकन नसला, तरी नियम तोच. सगळ्यात साधं साधन म्हणजे लाइफ जॅकेटची शिट्टी. तिला बॅटरी लागत नाही! होडीत बसण्याआधी जॅकेटचे पट्टे घट्ट बांधा आणि शिट्टी आहे का बघा. नसेल तर बेधडक मागा. आणि आई-बाबा, समुद्रावर जाताना तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर तुम्हीही लक्षात ठेवा हं!