लाख रुपयांचा चरखा

कापसाचे एक फुटलेले बोंड घ्या. यवतमाळ जिल्ह्यात राहणाऱ्याला त्यासाठी लांब जावे लागत नाही. दिवाळीच्या सुमारास वणी, राळेगाव, पांढरकवडा, कोणत्याही बाजूला निघा, शिवारात वेचणी चालू असते. बोंडातली सरकी काढून टाका, रुई बोटांनी मोकळी करा आणि चिमटीत धरून थोडी ओढा, थोडा पीळ द्या, पुन्हा ओढा. वीतभर धागा निघेल. तो एके ठिकाणी सुतळीसारखा जाड असेल, तर दुसऱ्या ठिकाणी इतका बारीक की फुंकरीने तुटावा.

आता समजा, असाच पण सारख्या जाडीचा धागा आठ तासांत १६,००० फूट काढणारे यंत्र तुम्हाला तयार करायचे आहे, आणि ते खेड्यातल्या झोपडीत चालले पाहिजे. हे काही मी तुमच्यासाठी रचलेले गणित नाही. अशी स्पर्धा १९२९ साली खरोखरच जाहीर झाली होती.

ती जाहीर करणारी संस्था होती अखिल भारत चरखा संघ. गांधीजींच्या पुढाकाराने ही संस्था १९२५ मध्ये स्थापन झाली होती. बक्षीस होते एक लाख रुपये! त्या काळी सोने तोळ्याला वीस-बावीस रुपयांना मिळे. म्हणजे साडेचार-पाच हजार तोळे सोन्याची ही रक्कम झाली. देशातल्या किंवा परदेशातल्या कोणत्याही संशोधकाला भाग घेता येत होता. मात्र नुसता आराखडा चालणार नव्हता. चालते यंत्र स्वतःच्या खर्चाने १९३० च्या ऑक्टोबरअखेर साबरमतीच्या आश्रमात पोहोचवायचे होते. (गांधीजी यंत्रांच्या विरुद्ध होते असे सरसकट सांगणाऱ्यांना ही स्पर्धा बहुधा ठाऊक नसते. चरखा हेही एक यंत्रच आहे, असे गांधीजी म्हणत असत.)

स्पर्धेच्या अटी मुळातून पाहण्यासारख्या आहेत. यंत्र हलके, सहज उचलून नेता येण्याजोगे आणि हाताने किंवा पायाने चालणारे हवे. एखाद्या बाईला ते फारसे न थकता सलग आठ तास चालवता आले पाहिजे. पेळू हाताने केलेले वापरता यावेत, नाहीतर पिंजण्याची सोय यंत्राबरोबरच हवी. आठ तासांत १२ ते २० नंबरचे १६,००० फूट सूत निघावे. भारतात तयार केल्यास किंमत १५० रुपयांच्या वर जाऊ नये. यंत्र निदान वीस वर्षे टिकावे आणि दरवर्षीच्या दुरुस्तीचा खर्च किमतीच्या ५ टक्क्यांहून, म्हणजे साडेसात रुपयांहून अधिक नसावा.

वाचताना यात अवघड काही वाटत नाही. पण वही-पेन्सिल घ्या.

प्रथम सुताचा नंबर म्हणजे काय ते पाहू. ८४० वार सुताची एक गुंडी. एक पौंड सुतात अशा जितक्या गुंड्या बसतील तितका त्याचा नंबर. म्हणजे २० नंबरचे सूत पौंडाला १६,८०० वार भरते. नंबर जितका मोठा तितके सूत बारीक. आठ तासांत १६,००० फूट म्हणजे तासाला २,००० फूट, अर्थात ६६७ वार. साध्या चरख्यावर सराईत हात तासाला तीन-चारशे वार काततो. तेव्हा वेग जवळजवळ दुप्पट करायचा होता.

मग चाक जोरात फिरवले की झाले! तसे होत नाही. तासाला २,००० फूट म्हणजे मिनिटाला ४०० इंच. २० नंबरच्या सुताला इंचाला साधारण १८ पीळ लागतात. चातीच्या एका फेऱ्यात एक पीळ पडतो. म्हणून एकाच चातीने हे काम करायचे तर तिने मिनिटाला ४०० × १८ = ७,२०० फेरे घ्यायला हवेत आणि तेही क्षणभर न थांबता. साधा चरखा तर सारखा थांबत असतो. कातणारी एक लांब तार ओढते, तिला पीळ देते आणि मग ती चातीवर गुंडाळते. गुंडाळण्याच्या वेळात नवे सूत निघत नाही. आणखी एक अडचण आहे. पेळूतून तंतू सारखे ओढून घेण्याचे नाजूक काम डाव्या हाताची बोटे करतात. उजवा हात चाक फिरवण्यात गुंतलेला. उरलेल्या एका हाताने एकच धागा निघणार.

तेव्हा चात्या वाढवायच्या, तर बोटांचे काम दुसऱ्या कशाला तरी दिले पाहिजे. यावरचा उपाय इंग्लंडमध्ये आर्कराइटने १७६९ साली आपल्या यंत्राच्या पेटंटात मांडला होता. रुळांच्या दोन-तीन जोड्या एकापुढे एक बसवायच्या आणि पुढची जोडी मागचीपेक्षा वेगाने फिरवायची. पुढची जोडी सहापट वेगाने फिरली, तर त्यातून जाणारा पेळू सहापट लांब आणि तितकाच बारीक होतो. दोन जोड्यांतले अंतर मात्र तंतूच्या लांबीशी जुळावे लागते. ते कमी पडले तर एकच तंतू दोन्हीकडून पकडला जाऊन तुटतो. फार झाले तर तंतू मध्येच मोकळे सुटून सूत जाड-बारीक होते. गावरान कापसाचा तंतू इंचभरही लांब नसतो. यावरून रूळ किती जवळ आणि किती अचूक बसवावे लागतील, याची कल्पना करा.

इथे खरी गंमत सुरू होते. रुळांना बोटांसारखी समज नसते. पेळूत गाठ आली की बोटे ती सोडवतात, रूळ ती तशीच पुढे ढकलतात. म्हणून पेळू एकसारखा हवा, त्यासाठी पिंजण सुधारायला हवी, म्हणजे यंत्रात भर पडली. रूळ, दाते आणि धारवे अचूक हवेत, म्हणजे किंमत वाढली. आणि अचूक भाग झिजला की गावचा सुतार किंवा लोहार तो बसवू शकत नाही, म्हणजे दुरुस्तीची अट मोडली. एका अटीला सांभाळावे तर दुसरी हातातून निसटते.

महाराष्ट्रातही या बक्षिसासाठी नेटाने प्रयत्न झाला. किर्लोस्करवाडीच्या कारखान्याच्या साहाय्याने गणेश भास्कर काळे यांनी एक यंत्र तयार केले. परीक्षकांनी ते तपासले. सर्व अटींना ते उतरले नाही. लाखाचे बक्षीस अखेर कोणालाच मिळाले नाही. परीक्षकांनी फार ताणून धरले, असे काहींना वाटेल. मला तसे वाटत नाही. झोपडीत बंद पडलेले यंत्र कितीही चतुराईचे असले तरी त्या बाईच्या दृष्टीने ते अडगळच.

याच सुमारास गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते. तिथे पेटीत मावणाऱ्या घडीच्या चरख्यावर त्यांनी बरेच काम केले. त्याचे नावच येरवडा चरखा पडले. मोठ्या चाकाने लहान चाक आणि लहान चाकाने चाती फिरवायची, ही त्यातली युक्ती. दोन टप्प्यांची गुणोत्तरे एकमेकांना गुणली जातात, त्यामुळे चाके लहान असूनही चाती वेगाने फिरते. यंत्र सुटसुटीत झाले, पण धागा एकच राहिला. रूळ आणि अनेक चात्या असलेला, हाताने चालणारा चरखा पुढे तमिळनाडूतील एकांबरनाथ यांनी सिद्ध केला. गांधीजी तो पाहायला हयात नव्हते. एकांबरनाथांच्या नावावरून तो ‘अंबर चरखा’ म्हणून ओळखला जातो.

तुमच्या शाळेच्या सूचनाफलकावरही दरवर्षी स्पर्धांचे कागद लागतात. केंद्र सरकारच्या ‘इन्स्पायर मानक’ योजनेत शाळेला विद्यार्थ्यांच्या कल्पना पाठवता येतात आणि निवडलेल्या कल्पनेच्या प्रतिकृतीसाठी दहा हजार रुपये मिळतात. यंदा नाव द्यायचे असेल, तर वर्तमानपत्रात वाचलेला यंत्रमानव बाजूला ठेवा आणि वेचणीच्या शेतात जा. कापूस वेचणारी बाई कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकते. मजुरी मिळते ती किलोवर. ही ओटी अधिक चांगली करता येईल का?

कागदावर चित्र काढण्याआधी अटी लिहा आणि चरखा संघाने लिहिल्या तशा आकड्यांत लिहा. ‘हलकी’ असे लिहू नका, किती ग्रॅम ते लिहा. ‘स्वस्त’ असे लिहू नका, किती रुपये ते लिहा. फाटली तर घरच्या सुई-दोऱ्याने शिवता येईल का, हेही पाहा. हे आकडे शिक्षकांना किंवा मला विचारून मिळणार नाहीत. एक दिवस वेचणीला सोबत जा. ओटी किती किलोंची झाली की बाई ती रिकामी करायला निघते, त्यासाठी किती पावले चालते आणि दिवसातून किती वेळा, हे मोजा. ओझे पोटावर येते की कमरेच्या एकाच बाजूला, तेही तिला विचारा. जमल्यास तासभर तीच ओटी बांधून स्वतः वेचून पाहा.