शिरपूरचे अमरिशभाई पटेल धुळे लोकसभेला दोनदा का पडले? उत्तर नरडाण्याच्या पुढच्या पुलावर सापडतं

मुंबई-आग्रा महामार्गावर धुळ्याहून निघालं की नरडाणा लागतं. इथे एमआयडीसी आहे, रेल्वे स्टेशन आहे. थोडं पुढे गेलं की तापीचा पूल आणि पूल ओलांडला की शिरपूर तालुका.

जिल्हा एकच, धुळे. पण याच नदीने एका नेत्याचं राजकारण दोन भागात वाटलं. तो नेता म्हणजे अमरिशभाई पटेल.

तर सुरुवात झाली 1985 साली, शिरपूर-वरवाडे नगरपरिषदेच्या नगराध्यक्षपदापासून. नळाला पाणी, रस्ते, गटारी ही कामं लोकांना रोज दिसतात. ती झाली तर नाव होतं, नाही झाली तर शिव्याही थेट मिळतात. अमरिशभाईंचं नाव झालं. 1990, 1995, 1999 आणि 2004, सलग चार वेळा ते काँग्रेसकडून शिरपूरचे आमदार झाले. आघाडी सरकारमध्ये शालेय शिक्षणमंत्रीही होते.

शहराबाहेर त्यांची ओळख झाली ती पाण्यामुळे. भूगर्भशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकर यांना सोबत घेऊन 2004 मध्ये तालुक्यात नाले खोल आणि रुंद करून साखळी बंधारे बांधायला सुरुवात झाली. हाच तो राज्यभर गाजलेला शिरपूर पॅटर्न.

सगळं जोरात सुरू होतं आणि आली मतदारसंघांची पुनर्रचना.

2009 च्या निवडणुकीपासून शिरपूर विधानसभा अनुसूचित जमातींसाठी राखीव झाली. म्हणजे चार टर्म जिंकलेल्या जागेवर अमरिशभाईंना उभंच राहता येईना. तिथून त्यांचे समर्थक काशिराम पावरा निवडून आले.

पण त्याच पुनर्रचनेत आधी राखीव असलेली धुळे लोकसभा खुली झाली. एक दार बंद झालं, दुसरं उघडलं.

मग अडचण काय होती?

अडचण अशी की नव्या धुळे लोकसभेत शिरपूरच नव्हतं. धुळे शहर, धुळे ग्रामीण, शिंदखेडा, मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण हे सहा विधानसभा मतदारसंघ धुळ्यात आले. शिरपूर गेलं नंदुरबार लोकसभेत. शिंदखेडा तालुक्यातला नरडाण्याचा माणूस अमरिशभाईंना मत देऊ शकत होता, पण ज्यांच्या दारात त्यांनी नळ नेले ते शिरपूरकर देऊ शकत नव्हते.

2009 मध्ये भाजपच्या प्रतापदादा सोनवणे यांनी त्यांना हरवलं. 2014 च्या मोदी लाटेत भाजपच्याच डॉ. सुभाष भामरे यांनी. हरण्याची कारणं इतरही असतील, पण घरचं मैदान हातात नसणं हे त्यातलं मोठं कारण.

तरीही ते संपले नाहीत, कारण विधान परिषद.

धुळे-नंदुरबार स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघात सामान्य माणूस मत देत नाही. तिथे मतदार असतात नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य आणि पंचायत समित्यांचे सभापती. ज्याची गावोगावच्या सत्ताकेंद्रांवर पकड, त्याचं पारडं जड. अमरिशभाई 2009 पासून इथून निवडून येत राहिले.

2019 मध्ये ते भाजपमध्ये गेले, काशिराम पावराही गेले. 2020 च्या पोटनिवडणुकीत अमरिशभाईंना 332 मतं पडली, तर काँग्रेस उमेदवाराला 98. 2021 मध्ये तर ते बिनविरोधच आले.

नगरपालिकेची सत्ताही घराजवळच राहिली, पत्नी जयश्रीबेन यांनीही नगराध्यक्षपद सांभाळलं. समर्थक याला कामाची पावती म्हणतात, तर विरोधक म्हणतात की सत्ता एकाच घरात फिरते.

बाजू कुठलीही घ्या, एक गोष्ट लक्षात ठेवा. आपण नगरपालिकेची निवडणूक छोटी समजून मतदानाला जात नाही. पण नगरसेवक निवडताना आपण नकळत विधान परिषदेचा मतदारही निवडत असतो.